राजाराम हायस्कूलचा इतिहास, आणि आज सार्वजनिक हायस्कुलात मुलीला काय मिळते

आपला प्रश्न असा आहे की, नोकरीतील बदलीमुळे आपले कुटुंब येत्या जूनपासून कोल्हापुरात येणार असून मुलगी आठवीत जाणार आहे. राजाराम हायस्कूलचे नाव आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. त्या शाळेचा इतिहास काय, आणि आज जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित हायस्कुलात मुलीला अभ्यासाखेरीज कोणकोणते उपक्रम मिळू शकतात? माझी सारी नोकरी याच जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत शिकवण्यात गेली, त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजूंविषयी मला आस्था आहे. या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, हे आधी सांगतो. कोल्हापुरात हायस्कूल उभे राहणे ही एक घटना होती आणि त्या हायस्कुलापर्यंत सामान्य घरातले मूल पोहोचणे ही दुसरी. या दोहोंमध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. आजही शाळा निवडताना पालकांनी त्या दुसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

आज ‘मेन राजाराम’ म्हणून ओळखली जाणारी शाळा भवानी मंडपाच्या परिसरात, अंबाबाईच्या देवळापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोल्हापुरात सुरू झालेल्या इंग्रजी शाळेत आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत होते. त्यामुळे रानडे आधी येथील मराठी शाळेत, १८५१ पासून इंग्रजी शाळेत शिकले आणि १८५६ च्या सुमारास पुढील शिक्षणासाठी मुंबईला गेले. शाळेला ज्यांचे नाव मिळाले ते छत्रपती राजाराम महाराज १८६६ मध्ये गादीवर आले. इंग्रजी शिक्षण घेतलेले आणि प्रवासात स्वतः इंग्रजीत दैनंदिनी लिहिणारे हे तरुण राजे इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी वारले. तेथे अर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही आहे. त्या छत्रीचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स माँट यांनीच त्या काळात कोल्हापुरातील टाउन हॉल आणि नवा राजवाडा यांचेही आराखडे केले. १८८० मध्ये हायस्कुलाला जोडून महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि त्यातून राजाराम कॉलेज उभे राहिले. पुढे कॉलेज शहराबाहेर सागरमाळावर गेले आणि भवानी मंडपाजवळची जुनी दगडी वास्तू हायस्कुलाकडे राहिली.

या शाळेचा इतिहास सांगताना बहुतेक लोक येथे थांबतात आणि शिकून गेलेल्या थोरांची नावे सांगू लागतात. त्यांतील एका नावाकडे मात्र जरा निराळ्या दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण आधी कागलला आणि नंतर कोल्हापुरात झाले. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि त्यानंतर काही काळ राजाराम कॉलेजातही होते. वडील गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते गोपाळला कोल्हापुरास पाठवीत असत. कागल ते कोल्हापूर हे अंतर आज एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. त्या वेळी मात्र शहरात राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय हायस्कूल गाठणे शक्य नव्हते आणि ती सोय करताना घरातील एका मुलाला शाळा सोडावी लागली. ज्या घरात तसा थोरला भाऊ नव्हता, किंवा ज्याला शहरात कोणी जातभाई, नातेवाईक किंवा ठरलेल्या वारी जेवू घालणारे घर नव्हते, त्याच्यासाठी ते हायस्कूल असून नसल्यासारखेच होते. दरबाराच्या नोकऱ्या इंग्रजी शिकलेल्यांना मिळत असल्याने याचा परिणाम सरळ राज्यकारभारावर होत असे. राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी अधिकार हाती घेतले, तेव्हा दरबारच्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते, हा आकडा इतिहासात वारंवार दिला जातो.

महाराजांनी यावर केलेला पहिला उपाय फसला, आणि माझ्या मते कोल्हापूरच्या शिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. प्रवेशाला कोणालाही आडकाठी नव्हती, तरी काही वर्षांतच त्यात केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. नियम सर्वांना सारखा असूनही त्याचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचला नाही, हे ओळखून महाराजांनी मार्ग बदलला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊस सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत समाजाचे, १९०८ मध्ये शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी ही रांग वाढत गेली. महाराजांनी या संस्थांना जागा दिल्या, इमारती दिल्या, कायमची उत्पन्ने लावून दिली आणि त्यांचा कारभार त्या त्या समाजाच्या हाती सोपवला. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. आपण येथे राहायला आल्यावर दसरा चौकात उभे राहून चारी बाजूंना पाहिले, तर यांतील काही बोर्डिंगांच्या इमारती एकाच नजरेत दिसतील, आणि मधोमध महाराजांचा पुतळाही दिसेल. हायस्कुलाचा खरा इतिहास मला त्या चौकात अधिक दिसतो. कारण वर्गातील बाके भरण्याचे काम या बोर्डिंगांनी केले.

या व्यवस्थेला मर्यादाही होती, आणि तीही याच हायस्कुलाच्या एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. कुंभोजचे भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरात आले, राजाराम हायस्कुलात शिकू लागले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ मध्ये ते मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांना शाहू महाराजांचा सहवास लाभला. जातवार बोर्डिंगांनी मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणले, पण राहत्या घरात मुले वेगवेगळ्या भिंतींआड राहिली, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर साताऱ्यात जे वसतिगृह चालवले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः राबून शिकत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. राजाराम हायस्कूलने घडवलेल्या माणसांमध्ये मी भाऊरावांना सर्वांत वर ठेवतो. परीक्षांत त्यांना फारसे यश मिळाले नाही, तरी शाळेपर्यंतची वाट कशी बांधावी हे त्यांच्याइतके फार थोड्यांना समजले.

प्राथमिक शिक्षणाचा पाया घातल्याशिवाय हायस्कूल भरणार नाही, हेही महाराजांनी जाणले होते. संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ मध्ये झाला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर सरकारी शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी राजाराम कॉलेज आणि हायस्कूल यांची व्यवस्था महाराजांनी आर्य समाजाकडे सोपवली. आपली मुलगी शिकणार आहे म्हणून आणखी एक नाव सांगतो. १८९५ मध्ये महाराजांनी रखमाबाई केळवकर यांना संस्थानातील स्त्रीशिक्षणाच्या प्रमुखपदी नेमले, आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई दरबारच्या पाठबळावर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर कारभार बदलला. सध्या ‘मेन राजाराम’ हे जिल्हा परिषदेचे हायस्कूल असून, दहावीनंतरचे कनिष्ठ महाविद्यालयही त्याला जोडलेले आहे.

आता आजच्या उपक्रमांविषयी. पुढील गोष्टी केवळ एका शाळेच्या नाहीत. जिल्हा परिषद, महापालिका आणि खासगी अनुदानित अशा सर्व मराठी हायस्कुलांना त्या थोड्याफार फरकाने लागू आहेत.

भाषेचा आणि माध्यमाचा निर्णय आठवीच्या आरंभीच घ्यावा लागतो, म्हणून तो प्रथम. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सर्व मराठीतून. मुलीने सातवीपर्यंत हे विषय मराठीतून शिकले असतील, तर आठवीत सेमी घेणे कठीण नाही. मात्र पहिले तीन-चार महिने घरून धीर द्यावा लागतो. दुसरा निर्णय संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, की निम्मे हिंदी आणि निम्मे संस्कृत असलेला संयुक्त अभ्यासक्रम, हा आहे. संस्कृतला गुण मिळतात एवढ्याच कारणासाठी ते घेऊ नये. शाळेत त्या विषयाचा स्वतंत्र शिक्षक आहे का, हे आधी विचारावे, कारण एकदा घेतलेली भाषा नववीत बदलताना मुलांची फार ओढाताण होते. दहावीची परीक्षा राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागामार्फत होते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विभागात येतात.

आठवीचे वर्ष परीक्षांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, आणि पालकांच्या हातून सर्वांत अधिक निसटणारी गोष्ट येथेच आहे. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, म्हणजे एन.एम.एम.एस., हिची परीक्षा आठवीतच देता येते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांनाच ती खुली आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्के सवलत आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा ९०-९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या परीक्षेत पात्र होऊनही निवड यादीत न आलेल्या मराठा-कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, ती वर्षाला ९,६०० रुपयांची. ज्या घराला नववीत मुलीचे शिक्षण पुढे न्यावे की नाही असा प्रश्न पडतो, तेथे या रकमेने निर्णय बदलतो. हे मी वर्गात पाहिलेले आहे. आपले उत्पन्न या मर्यादेपलीकडचे असेल, तर ही माहिती आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना किंवा शेजारच्यांना अवश्य सांगा. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो आणि अनेक मुलांचे अर्ज केवळ त्यापायी राहतात.

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा याहून वेगळी आहे. ती कोणत्या इयत्तांना असावी याचा निर्णय शासनाने गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी चौथी-सातवी, नंतर पाचवी-आठवी असे झाले. त्यामुळे यंदाची स्थिती शाळेतच विचारावी. आपल्या जिल्ह्यात या परीक्षेचे महत्त्व फार मानतात, आणि कागल, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतील साध्या जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक त्यासाठी सकाळी लवकर आणि सुटीच्या दिवशीही वर्ग घेतात. या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही मुलीला सतत सराव प्रश्नपत्रिका सोडवायला बसवून तिचे खेळाचे तास काढून घेऊ नयेत, असे मी पालकांना नेहमी सांगत आलो.

खेळाविषयी बोलायचे तर कोल्हापुरात ते कुस्ती आणि फुटबॉल यांवाचून पूर्ण होत नाही. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि फुटबॉलच्या सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचाही गट असतो. शासनाच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीसाठी दहावीला सवलतीचे गुण मिळतात. चित्रकलेतही तसेच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांपैकी इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुण दहावीच्या निकालात मिळवले जातात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या शहरात चित्रकलेकडे केवळ या सात गुणांसाठी पाहिले जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. म्हणून शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक आहे की नाही, हे आवर्जून विचारा. एन.सी.सी., स्काउट-गाइड, आर.एस.पी. (रस्ता सुरक्षा दल) आणि हरित सेना यांपैकी काय आहे हे शाळेगणिक बदलते. एन.सी.सी.ची भरती साधारणपणे आठवीतच होते आणि दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. मुलींची तुकडी सर्वच शाळांत नसते. विज्ञानात रस असेल तर सहावी ते बारावीसाठी ‘इन्स्पायर-मानक’ ही योजना आहे; मुलांनी सुचवलेल्या कल्पनांपैकी निवड झालेल्या कल्पनेचे उपकरण बनवण्यासाठी १०,००० रुपये मुलाच्या खात्यावर जमा होतात. शाळेतून नोंदणी करणारा उत्साही शिक्षक असेल तरच हे घडते.

पूर्वी बोर्डिंगांनी जे केले, त्याच कामाच्या आज चालू असलेल्या व्यवस्था थोडक्यात सांगतो. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि दुपारचा पोषण आहार असतो. सहावी ते आठवीसाठी त्याचे प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. आपली मुलगी शाळेत जेवली तर बरेच होईल, कारण सर्वांनी एका पंगतीत बसून जेवण्याला या शहरात फार मोठा अर्थ आहे. अनुदानित वर्गांत मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे. परंतु एकाच शाळेत अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे शुल्कावर चालणाऱ्या) अशा दोन्ही तुकड्या असू शकतात आणि सेमीची तुकडी पुष्कळदा दुसऱ्या प्रकारची असते, म्हणून प्रवेशापूर्वी ते स्पष्ट विचारून घ्यावे. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा पास मोफत मिळतो. आपण शहरालगतच्या गावात घर घेणार असाल तर त्याची चौकशी करा. दहावीनंतर त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचे असेल, तर अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात अंतर्गत कोट्याच्या १० टक्के जागा असतात.

राजाराम हायस्कूलमध्येच प्रवेश घ्यावा का, असे आपण थेट विचारले नसले तरी तो प्रश्न आपल्या मनात असावा. नावाचा मान मोठा आहे आणि वास्तूही पाहण्यासारखी आहे. पण मी आपल्या जागी असतो तर घरापासूनचे अंतर, गणित-विज्ञानाचे शिक्षक कायमचे आहेत की तासिका तत्त्वावरचे, प्रयोगशाळेत मुले स्वतः प्रयोग करतात का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, आणि गेल्या वर्षी एन.एम.एम.एस.ला किती मुले बसली, एवढे प्रत्येक शाळेत जाऊन विचारले असते. मुख्याध्यापक शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देऊ शकले, तर त्या शाळेत मुलांकडे लक्ष आहे असे समजायला हरकत नाही.

प्रवेशाच्या वेळी सध्याच्या शाळेचा दाखला वेळेवर मिळाला नाही तरी घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलीची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे नंतरही वर्ग करता येते. सातवीचे गुणपत्रक, आधार कार्ड आणि लागू असेल तर जातीचा दाखला यांच्या प्रती घेऊन निकाल हाती येताच शाळांना भेटा. सेमीच्या तुकड्या शाळा उघडण्याच्या आधीच भरत येतात.